पाकीट आतून कच्चं का राहतं? पायी भटकंतीतल्या फ्रीझ-ड्राइड जेवणाबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: पाच दिवसांच्या भटकंतीत रात्रीच्या जेवणासाठी फ्रीझ-ड्राइड पाकिटं नेली. सांगितल्याप्रमाणे उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं थांबलं, तरी मांसाचे तुकडे आणि मटार आतून कडक राहिले, आणि तळाशी मात्र पातळ पाणी. जेवल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागली. तिसऱ्या दिवशी पोटही बिघडलं. पाकिटं खराब होती की वापरताना काही चुकलं?

पाकिटं खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. त्यावर छापलेली सूचना घरातल्या ओट्यावर बरोबर ठरते. उंचावर, वाऱ्यात, थंड जमिनीवर ती अपुरी पडते. पाणी ओतलं की स्वयंपाक संपला असं समजून आपण पाकीट बाजूला ठेवतो आणि बहुतेक वेळा चूक तिथेच होते. पाणी ओतल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं हाच या जेवणाचा खरा स्वयंपाक. भुकेचा आणि पोटाचा मुद्दा वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो.

आत नेमकं काय असतं

फ्रीझ-ड्राय करताना शिजवलेलं अन्न शून्याखाली ३०-४० अंशांपर्यंत गोठवतात, हवा उपसून काढलेल्या बंद कक्षात ठेवतात आणि मग त्याला हळूहळू ऊब देतात. दाब ६ मिलिबारच्या खाली गेला की बर्फाचं पाणी होतच नाही, त्याची थेट वाफ होते. त्यामुळे तुकडा आकसत नाही. बर्फाचे स्फटिक जिथे होते तिथे बारीक पोकळ्या उरतात आणि तुकडा मूळ आकारातच, पण थर्माकोलसारखा हलका होतो. पाणी घातलं की ते याच पोकळ्यांतून आत शिरतं. अँडीज पर्वतात बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवून, पायाने तुडवून, उन्हात वाळवायची जुनी रीत आहे. तिच्यात कोरड्या पहाडी हवेचा असाच उपयोग केलेला दिसतो.

गरम हवेने वाळवलेलं, म्हणजे डीहायड्रेटेड अन्न वेगळं. त्यात तुकडा सुरकुततो, बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि पाण्याला आत जायला वेळ लागतो. मटार, मका, घेवड्याचे दाणे असे असतील तर वीस-तीस मिनिटंही कमी पडतात.

आता मुख्य गोम. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘फ्रीझ-ड्राइड’ लिहिलेलं असलं तरी आतलं सगळंच तसं नसतं. पुष्कळ पाकिटांत मांस आणि काही भाज्या फ्रीझ-ड्राइड असतात. तांदूळ आणि पास्ता मात्र आधी शिजवून गरम हवेत वाळवलेले, कांदा-गाजर साधे वाळवलेले, आणि रस्सा म्हणजे पिठं-मसाल्यांची भुकटी. एकाच पाकिटात तीन वेगवेगळ्या वेगांनी फुगणारे पदार्थ आले, की दहाव्या मिनिटाला एक तयार, दुसरा चिवट, तिसरा कडक. घेताना घटकांची यादी वाचा आणि कोणत्या नावाआधी ‘फ्रीझ-ड्राइड’ लिहिलंय आणि कोणत्या आधी नुसतं ‘ड्राइड’, ते पाहा. वाळवलेले दाणे यादीत वरच्या क्रमांकावर असतील तर ते पाकीट थंड आणि उंच मुक्कामासाठी नको, खालच्या मुक्कामासाठी ठेवा.

मांसाचे मोठे चौकोनी तुकडे असलेल्या पाकिटाचंही तसंच. बारीक खिमा असेल तर पाच-सात मिनिटांत मऊ होतो, दोन सेंटिमीटरचा तुकडा तेवढ्यात आतपर्यंत भिजत नाही. म्हणून इथे शितावरून भाताची परीक्षा करू नका. तपासायचं ते सगळ्यात मोठ्या तुकड्यावर. तो चमच्याच्या कडेने कापून पाहा. मध्ये फिकट, खडूसारखा कोरडा गाभा दिसला तर पाकीट पुन्हा बंद करायचं.

उष्णता कुठे जाते

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. तिथून वर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी होतो. म्हणजे ३,००० मीटरवर उकळी ९० अंशांच्या आसपास, ४,००० मीटरवर ८६-८७ अंशांच्या आसपास. भांड्यात कितीही खळखळलं तरी तापमान त्यापुढे जात नाही, फक्त गॅस जळतो.

हे पाणी सुक्या अन्नात पडलं की आणखी उतरतं. १३० ग्रॅम अन्न आणि ४५० मिली पाणी असा हिशेब केला, तर ९८ अंशांचं पाणी पहिल्याच क्षणी ८८ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे ३,५०० मीटरवर तुमची सुरुवातच साधारण ७८ अंशांपासून होते. त्यानंतर वारा आणि थंड जमीन. उघड्यावर खडकावर ठेवलेलं पातळ पाकीट दहा-पंधरा मिनिटांत कोमट होतं आणि दाण्यांचा गाभा तसाच राहतो.

काही जण पाकीट आधी जॅकेटमध्ये घालून गरम करतात. त्याने फारसं काही साधत नाही. सुकं अन्न उणे १० अंशांना असो की ५ अंशांना, मिसळल्यानंतरच्या तापमानात एक-दोन अंशांचाच फरक पडतो, कारण उष्णतेचा जवळजवळ सगळा साठा पाण्यात असतो. तेवढी मेहनत पाणी ओतल्यानंतरची ऊब टिकवण्यावर घ्या.

त्यासाठी पाकिटाला एक झबलं हवं. झोपायच्या फोमच्या चटईचा उरलेला तुकडा, किंवा गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी फुगेवाला पडदा घ्या. पाकीट उभं मावेल अशी पिशवी कापा, दोन कडा चिकटपट्टीने जोडा आणि वर दुमडता येईल अशी झडप ठेवा. पिशवी पाकिटापेक्षा फक्त एक-दोन सेंटिमीटर सैल असावी. जास्त सैल झाली तर आत हवा खेळते. तळाला दुहेरी थर द्या, जमिनीकडून उष्णतेची गळती सर्वांत जास्त असते. वजन ३०-४० ग्रॅमच भरतं. हे नसेल तर लोकरीची टोपी आणि वर जाड जॅकेट, असं गुंडाळूनही काम होतं.

गरम पाकीट अंगाशी धरून ऊब घ्यायचा मोह थंडीत होतोच. पण वरची झिप दाबाने उघडली तर उकळतं पाणी थेट पोटावर किंवा मांडीवर. मांड्यांच्या मध्ये धरून पाणी ओतणं तर अजिबात नको. वस्तीपासून दोन दिवस लांब असताना मांडी भाजली तर चालत परत येणं अवघड होतं.

ओतण्याचा क्रम

आधी पाकीट बंद असतानाच हलवा आणि कोपरे चोळा. प्रवासात भुकटी तळाच्या घड्यांत जाऊन बसते. पाणी पडल्यावर तिथे तिची घट्ट गोळी होते, आणि तीच शेवटी खारट घास म्हणून तोंडात येते. मग खाचेवर फाडा आणि छोटी चौकोनी पुडी बाहेर काढा. ती ऑक्सिजन शोषणारी पुडी असते, आत लोखंडाची पूड, थोडं मीठ आणि बहुधा कोळशाची भुकटी. पुडी न काढता पाणी ओतलं गेलं तर घाबरू नका. ती विषारी नसते. फाटली नसेल तर काढून टाका आणि जेवा. फाटली असेल तर धातूची चव आलेलं ते अन्न टाकून देणंच बरं.

पाणी मोजून घ्या. पाकिटाच्या आतली रेघ अंदाजापुरती असते. बाहेरून दाबलेलं किंवा वाकडं धरलेलं पाकीट त्या रेघेला सहज ५०-१०० मिली चुकवतं. खुणा असलेला मग किंवा बाटली वापरा. एका माणसाच्या पाकिटाला साधारण २५०-३५० मिली आणि दोघांच्या पाकिटाला ४००-५०० मिली लागतं, पण शेवटचा शब्द पाकिटावरचा. तांदूळ, पास्ता किंवा बटाट्याची पाकिटं पहिल्यांदा करताना सांगितल्यापेक्षा ५० मिली कमी घाला. नंतर वाढवता येतं, काढता येत नाही. मांसाचे तुकडे आणि दाणे जास्त असतील तर मात्र सुरुवातीलाच पूर्ण पाणी घाला, कारण नंतर ओतलेलं थंड पाणी त्यांच्या आत लवकर शिरत नाही.

पाणी एकदम सगळं न ओतता आधी दोन तृतीयांश ओता. लांब दांड्याच्या चमच्याने तळापर्यंत, दोन्ही कोपऱ्यांत जाऊन अर्धा मिनिट ढवळा, मग उरलेलं ओता. चमचा २० सेंटिमीटरपेक्षा लांब हवा, नाहीतर बोटं रश्शात आणि चमचा अधांतरी. चीज किंवा दुधाची भुकटी असलेली पाकिटं सर्वांत आधी गाठी धरतात, त्यांना जास्त ढवळा. हवा दाबून काढा, झिप लावा, झबल्यात उभं ठेवा. आडवं ठेवलं तर वरच्या बाजूचे तुकडे पाण्याबाहेर राहतात.

अर्धा वेळ झाला की एकदा उघडून तळातून वर ढवळा. हे एक ढवळणं लोक चुकवतात आणि तळाशी पाणी, वर कडक तुकडे, ही तुमची तक्रार नेमकी त्यातून येते. वरच्या थराला पाणी पुरलेलंच नसतं. उघडताना तोंड लांब ठेवा, वाफ चेहऱ्यावर येते.

वेळ किती? सपाटीला ८-१० मिनिटं लिहिलं असेल तर दर १,५०० मीटर चढाईला ती दुप्पट धरा, असा सल्ला काही उत्पादकही देतात. चांगलं झबलं असेल तर प्रत्यक्षात एवढी लागत नाहीत. ३,००० मीटरवर १५-२० मिनिटांत बहुतेक पाकिटं तयार होतात. तरीही कडक राहिलं तर सगळं भांड्यात ओता, दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला आणि मंद आचेवर दोन मिनिटं ढवळत उकळवा. भांडं धुवावं लागेल, पण जेवण वाचेल. पातळ झालं असेल तर बटाट्याचे सुके फ्लेक्स घालून घट्ट करा. त्यांची ५० ग्रॅमची पुडी सोबत ठेवलीत की प्रत्येक फसलेल्या पाकिटाला उपाय हाताशी राहतो.

जेवण मुरल्यावर पाकिटाची वरची पट्टी चाकूने दोन-तीन इंच कापून टाका. हात बरबटत नाहीत आणि तळ खरवडता येतो. कापलेली पट्टी लगेच कचऱ्याच्या पिशवीत टाका, ती फार पटकन उडून जाते.

पोट का भरलं नाही

‘दोघांसाठी’ या शब्दावर जाऊ नका. पाकिटाच्या मागे एकूण किती किलोकॅलरी ते पाहा. दोघांचं म्हणून विकलेलं पाकीट कित्येकदा एकूण ६०० किलोकॅलरीचं असतं. पाठीवर १२-१५ किलो घेऊन दिवसभर चढणाऱ्या माणसाला दिवसाला ३,००० ते ४,५०० किलोकॅलरी लागू शकतात. रात्रीच्या जेवणाचा वाटा ८००-१,००० धरा. म्हणजे ‘दोघांचं’ पाकीट एकालाच कमी पडतं.

कमी पडण्याचं कारण म्हणजे त्यात चरबी कमी असते. पाणी गोठून उडून जातं, चरबी उडत नाही, आणि पोकळ झालेल्या तुकड्याचा पृष्ठभाग एवढा वाढतो की थोड्या ऑक्सिजननेही ती खवट होते. म्हणून ही जेवणं बनवणारे तेल-चरबी बेतानेच ठेवतात. ती भर तुम्ही मुक्कामावर घालायची. १३० ग्रॅमच्या, ६०० किलोकॅलरीच्या पाकिटात दोन मोठे चमचे तेल, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, घातलं की ८४० किलोकॅलरी होतात. तेलाइतकी वजनाला हलकी ऊर्जा सॅकमध्ये दुसरी नाही. शेंगदाण्याचं किंवा बदामाचं लोणी, चीज, भाजलेले दाणे हेही चालतात. तेल मात्र शेवटी, सगळं फुगल्यावर घाला. सुक्या तुकड्यांवर आधीच तेलाचा थर बसला तर पाण्याला आत जायला अडथळा होतो. बाटली छोटी, स्क्रूच्या झाकणाची हवी, आणि तीही झिपच्या पिशवीत. तेल सांडलं तर झोपण्याच्या बॅगेचा वास जात नाही.

नेहमी भूक लागेलच असंही धरू नका. उंचावर पहिले दोन दिवस अन्नावरची वासना उडते आणि चिकट, गोडसर किंवा फार मसालेदार पाकीट घशाखाली उतरत नाही. त्या दिवसांसाठी सूपसारखी पातळ, साधी पाकिटं ठेवा आणि जड पाकिटं नंतरच्या दिवसांना. पाचही रात्री एकाच चवीचं नेऊ नका. चौथ्या रात्री अर्धं पाकीट टाकून द्यावंसं वाटतं, आणि भिजलेलं अन्न पाठीवर परत न्यायचं म्हणजे सुक्याच्या चौपट वजन.

पोट का बिघडलं

याची तीन-चार कारणं असू शकतात आणि बहुधा ती एकत्र येतात.

पहिलं, अर्धवट भिजलेलं अन्न. पोकळ तुकडे पाकिटात पाणी प्यायले नाहीत तर आतड्यात पितात. पोट फुगतं, कळा येतात, शौचाला कडक होते किंवा होतच नाही. सुकी फळं तशीच चघळायला छान लागतात, पण स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी असतं. म्हणजे ४० ग्रॅम सुक्या स्ट्रॉबेरी खाल्ल्या की जवळजवळ ४०० ग्रॅम ताज्या खाल्ल्या. तेवढा चोथा पोटात जातो आणि सोबतचं पाणी जात नाही. मूठभर खाल्लं तर वर मोठा पेला पाणी प्या.

दुसरं, मीठ. एका पाकिटात १,२०० ते २,००० मिलिग्रॅम सोडियम असणं सर्रास आहे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमच्या आत आहे. दिवसभर घाम गाळणाऱ्या निरोगी माणसाला एवढं मीठ सोसतं. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने मात्र कमी सोडियमची पाकिटं निवडावीत आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. जेवणानंतर अर्धा लिटर पाणी प्यायला मिळेल असं नियोजन सगळ्यांनीच ठेवावं.

तिसरं, घरी रोज न खाल्ले जाणारे दाणे आणि कडधान्यं सलग तीन रात्री. वायू होणारच.

चौथं कारण सर्वांत गंभीर. फ्रीझ-ड्राय केल्याने जंतू मरत नाहीत. प्रयोगशाळेत जिवंत जंतू वर्षानुवर्षं जपून ठेवायला हीच पद्धत वापरतात. कोरड्या पाकिटात पाणी नसल्यामुळे ते वाढत नाहीत, एवढंच. पाणी पडलं की ते अन्न ताज्या शिजवलेल्या अन्नासारखं नाशवंत होतं. दोन तासांच्या आत संपवा, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. रात्री उरलेलं सकाळी खाऊ नका, विशेषतः भात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्यातूनही तग धरतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

पाण्याचंही तेच. ओढ्याचं पाणी नुसतं गरम करून ओतलं तर ते शुद्ध झालं असं नाही. खळखळून उकळी येऊन एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळू द्या. गॅस वाचवायचा असेल तर आधी फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्यांनी शुद्ध करा आणि मग तापवा. आयोडीनच्या गोळ्या वापरल्या असतील तर भात किंवा बटाटा निळसर-जांभळा दिसू शकतो. ती आयोडीन आणि स्टार्चची प्रक्रिया आहे, अन्न बिघडल्याची खूण नाही.

गॅस संपल्यावर काय करायचं, हेही लोक विचारतात. आधी पूर्ण शिजवलेलं अन्न थंड पाण्यातही फुगतं, पण वेळ दुप्पट-तिप्पट लागतो, तेव्हा वरचा दोन तासांचा हिशेब ध्यानात ठेवा. अशा वेळी शुद्ध केलेलंच पाणी वापरायचं. पाकिटावर अन्न शिजवूनच खायची सूचना असेल किंवा कच्च्या अंड्याची भुकटी असेल तर थंड पाण्याचा प्रयोग नको. कच्चं मांस फ्रीझ-ड्राय केलं तरी कच्चंच राहतं.

गॅस आणि पाणी

साध्या कॅनिस्टरच्या (गॅसच्या छोट्या डब्याच्या) स्टोव्हवर, झाकण ठेवून, एक लिटर थंड पाणी उकळायला १२-१५ ग्रॅम गॅस धरा. वाऱ्यात हा आकडा सहज दुप्पट होतो. एका माणसाला रात्रीचं पाकीट, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचं गरम पेय मिळून दिवसाला सव्वा लिटर पाणी तापवावं लागतं, म्हणजे १५-२० ग्रॅम. पाच दिवसांना ७५ ते १०० ग्रॅम. १०० ग्रॅमचा कॅनिस्टर त्यामुळे अगदी काठावर येतो आणि पाणी तीन-तीन मिनिटं उकळायचं असेल तर पुरत नाही. दोघांत २३० ग्रॅमचा एक न्यावा. ब्युटेन शून्याच्या जवळपास वायुरूप होणं थांबवतो. थंडीत आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि कॅनिस्टर रात्री झोपण्याच्या बॅगेत ठेवा. वाऱ्याचा आडोसा चारी बाजूंनी कॅनिस्टरला गुंडाळून लावू नका. तो तापून फुटू शकतो. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विमानाने जाणार असाल तर कॅनिस्टर नेता येत नाही, आणि दुसऱ्या देशात जात असाल तर मांस असलेली पाकिटं सीमेवर काढून घेतली जाऊ शकतात. आधी नियम पाहा.

वजनाच्या हिशेबात एक गोष्ट सुटते. फ्रीझ-ड्राइड अन्न हलकं असतं ते मुक्कामाजवळ पाणी असेल तेव्हाच. कोरड्या माथ्यावर रात्र काढायची असेल तर १३० ग्रॅमच्या पाकिटासोबत त्याचं ४५० मिली पाणीही पाठीवर येतं, ते झालं ५८० ग्रॅम. त्या दिवशी क्रम उलटा करा. दुपारी ओढ्याकाठी थांबून पाकीट तिथेच करून खा, आणि रात्री माथ्यावर पोळी-ब्रेड, चीज, दाणे असं पाणी न लागणारं जेवा. फ्रीझ-ड्राइड पाकीट हे रात्रीचंच जेवण, हा नुसता सवयीचा भाग आहे.

बांधताना

चढताना पाकीट फुगतं. ३,००० मीटरवर हवेचा दाब सपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे आतला वायू पसरतो. सुक्या अन्नाच्या बाबतीत ही बिघाडाची खूण नाही. आत रस्सा असलेलं तयार जेवणाचं ओलं पाकीट मात्र सपाटीवरच फुगलेलं दिसलं तर फेकून द्या. फुगलेली पाकिटं सॅकमध्ये मावत नसतील तर सुक्या पाकिटाला वरच्या झिपच्याही वर टाचणीने एक भोक पाडा, हवा दाबून काढा आणि भोकावर लगेच चिकटपट्टी लावा. यामुळे वर्षानुवर्षांचा टिकाऊपणा काही आठवड्यांवर येतो, म्हणून हे निघण्याच्या आदल्या दिवशीच करावं.

मोठ्या डब्यातून सुट्टं अन्न काढून छोट्या पिशव्या भरणार असाल तर दमट हवेत करू नका. हे पदार्थ पापडापेक्षा लवकर सादळतात. फळाचा तुकडा बोटाला चिकटायला लागला, दाबल्यावर कुरकुरण्याऐवजी वाकला, की तो सादळला. तसा साठा त्याच भटकंतीत संपवावा, जपून ठेवू नये. साध्या झिपच्या पिशवीत उकळतं पाणी ओतू नका, ती मऊ पडते आणि शिवणीवर उसवते. अशा वेळी झाकणाचा मग किंवा रुंद तोंडाची उष्णता सोसणारी बरणी वापरा.

घरी वाळवलेले दाणे मिसळायचे असतील तर ते आधी पूर्ण शिजवून मगच वाळवा. कच्च्या राजम्यात असं द्रव्य असतं की ते दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही, आणि पाकिटातल्या ८० अंशांच्या पाण्याने त्याचं काहीच होत नाही. उलट्या-जुलाब नक्की. साधा न शिजवलेला तांदूळ किंवा पास्ताही पाकिटात शिजत नाही.

रिकामं पाकीट जाळू नका. आत अॅल्युमिनियमचा थर असतो, प्लास्टिक जळून धूर होतो आणि चंदेरी चुरा राखेत राहतो. दोन चमचे पाणी घालून खळखळवा, ते पिऊन टाका, पाकीट चपटं करून गुंडाळा. एक पाकीट उघडं ठेवून बाकीची त्यात कोंबली की पाच दिवसांचा कचरा मुठीत मावतो आणि झिप लावल्यावर वासही कमी येतो. पूर्ण जात नाही, म्हणून प्राण्यांच्या भागात ही कचऱ्याची पिशवी अन्नासोबतच तंबूपासून किमान ६०-१०० मीटर लांब, टांगून किंवा कडक डब्यात ठेवा. जेवायलाही तंबूपासून लांबच बसा.

निघण्याच्या आठवडाभर आधी ज्या चवी नेणार आहात त्यांतलं प्रत्येकी एक पाकीट घरी करून पूर्ण खा, गच्चीत किंवा अंगणात वाऱ्यावर ठेवून. किती मिली पाणी घातलं, किती मिनिटांनी सर्वांत मोठा तुकडा आतून मऊ झाला, रात्री पोट कसं राहिलं, हे लिहून ठेवा. मग नेणार त्या प्रत्येक पाकिटावर जाड मार्करने दोन आकडे लिहा, पाण्याचा आणि मिनिटांचा. उंच मुक्कामासाठी मिनिटांच्या आकड्याशेजारी वाढीव वेळही आत्ताच लिहून टाका. अंधारात, हेडलॅम्पच्या उजेडात बारीक छापील सूचना वाचता येत नाही.